पूरक आहार योजना, बालकांसाठी

घरच्या अन्नातून लहान बालकांना मिळणाऱ्या पोषणाची उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी शासनाने वा अन्य संस्थांनी विनामूल्य आहार पुरविण्याच्या योजना. सहा महिने ते सहा वर्षे वयाची बालके, तसेच गर्भवती स्त्रिया व स्तन्यदा माता यांचा त्यांत समावेश होतो. भारतातील या योजनांचा इतिहास म्हणजे अधिकाधिक लहान बालकापर्यंत पोहोचण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय. [⟶ कुपोषण].

वयाचा प्रश्न : पहिले सहा महिने आईचे दूध बालकास पुरेसे असते, त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचे अन्न आवश्यक ठरते. महाराष्ट्रात उष्टावणाची रीत साधारणतः याच सुमारास पार पाडतात. परंतु रोजचे मऊ अन्न अनेक घरांत बरेच उशिरा सुरू होते. दुसऱ्या वर्षात बालकास दिवसाला सु. १,००० कॅलरी लागतात. त्याचे जठर लहान असते. पातळ पेजेने ते भरते, पण ऊर्जा थोडीच मिळते. त्यामुळे दिवसातून चार-पाच वेळा भरवावे लागते व त्यासाठी कोणाचा तरी वेळ हवा असतो. आई शेतावर वा मजुरीस गेलेली असता तो मिळत नाही. परिणामी सहा महिने ते दोन वर्षे या काळातच वाढ सर्वाधिक मंदावते आणि तेव्हा राहिलेली उंची पुढे भरून निघणे कठीण असते. गोल्ड कोस्ट (सध्याचा घाना) येथे सिसिली विल्यम्स यांनी १९३० नंतरच्या दशकात ‘क्वाशिऑरकोर’ या विकाराचे वर्णन केले. धाकटे भावंड आल्यामुळे अंगावरून तुटलेल्या मुलास होणारा आजार, असा त्या स्थानिक नावाचा आशय आहे.

आरंभ : भारतात बालकांना आहार देण्यास प्रारंभ झाला तो शाळांतून. मद्रास महानगरपालिकेच्या शाळांत १९२०–३० च्या दशकात दुपारचे अन्न देण्यात येऊ लागले. पुढे मुख्यमंत्री के. कामराज यांच्या काळात, १९५६ मध्ये, ही योजना मद्रास राज्यभर पसरली. स्वातंत्र्यानंतर ‘युनिसेफ’ने दूधभुकटी पुरविली. आणंद येथील दूधभुकटीच्या कारखान्यास (१९५५) तिने यंत्रसामग्री दिली, ती बालकांना दूध पुरविण्याच्या अटीवर. बिहारच्या दुष्काळात (१९६६-६७) ‘बालाहार’ हे मिश्रपीठ वापरण्यात आले. महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळात पीठ व गूळ यांची सुकडी दुष्काळी कामांवर वाटली गेली. ही सर्व मदत शाळेत वा कामावर, म्हणजे लोक जेथे एकत्र येत तेथे मिळे. चालता न येणारे मूल तिच्या कक्षेत क्वचितच येई.

प्रथिने की ऊर्जा : द्यावयाचे काय, याविषयीही मतभेद होते. जगात प्रथिनांची मोठी टंचाई येऊ घातली आहे, असा इशारा संयुक्त राष्ट्रांनी १९६८ मध्ये दिला होता. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी या मताला आव्हान दिले. भारतीय आहार पोटभर घेतला, तर त्यातून बहुधा पुरेशी प्रथिने मिळतात आणि खरी उणीव एकूण अन्नाची, म्हणजे ऊर्जेची आहे, असे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बालकांना रोज ३१० कॅलरी, परंतु केवळ ३ ग्रॅ. प्रथिने असलेला पूरक आहार दिला असता त्यांच्या वाढीत सुधारणा आढळली (१९७३). यामुळे महागड्या प्रथिनयुक्त पदार्थांपेक्षा गहू, डाळी, तेल, गूळ अशा स्थानिक जिनसांचा पुरस्कार होऊ लागला. धान्यास मोड आणून, वाळवून केलेल्या पिठाची पेज घट्टपणा न वाढता अधिक अन्न सामावते. नाचणीच्या सत्त्वाच्या रूपाने ही युक्ती महाराष्ट्रातील घरांत पूर्वीपासून ज्ञात होती.

अंगणवाडी : केंद्र शासनाने १९७०-७१ मध्ये विशेष पोषण कार्यक्रम सुरू केला. बालकास दररोज सु. ३०० कॅलरी व ८ ते १२ ग्रॅ. प्रथिने द्यावीत, असे त्याचे प्रमाण होते. तथापि केवळ अन्न पुरेसे नाही, जुलाब-गोवर यांनी ते वाया जाते, हे ध्यानात आल्यावर आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांचे पोषणशिक्षण व शालापूर्व शिक्षण यांची सांगड घालण्यात आली. ही एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातील मुंबईची धारावी व मेळघाटातील धारणी ही त्यांपैकी होत.

तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत येऊन बसत व खात. त्याहून लहान मुलांना तेथे आणणारे कोणी नसे. त्यांच्यासाठी शिधा घरी देण्याची पद्धत रूढ झाली. पण घरी नेलेला शिधा सर्व भावंडांत वाटला जाणे स्वाभाविक होते. तमिळनाडूने १९८० मध्ये निराळा मार्ग अवलंबिला : सहा ते छत्तीस महिन्यांच्या बालकांचे दरमहा वजन घेऊन ज्यांची वाढ अडली असेल, त्यांनाच काही महिने पूरक आहार देण्यात येई. ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील कासा येथेही स्थानिक स्त्रियांनी घरोघर जाऊन वजने घेण्याचा प्रयोग झाला.

हक्काचे स्वरूप : मेळघाटातील बालमृत्यूंची १९९३ मध्ये राज्यभर चर्चा झाली आणि योजना असूनही तिचा लाभ न पोहोचण्याचा प्रश्न ठळक झाला. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने पूरक आहारास हक्काचे स्वरूप दिले. २००४ मध्ये पुरवठ्यात ठेकेदार नेमण्यास मनाई केली व २००६ मध्ये प्रत्येक वस्तीत अंगणवाडीचा आदेश दिला. बालकांसाठीचे प्रमाण २००९ मध्ये ५०० कॅलरी व १२ ते १५ ग्रॅ. प्रथिने असे वाढविण्यात आले. तीव्र कुपोषितांसाठी ते ८०० कॅलरी ठरले. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ ने हा हक्क कायद्यात आणला.

फलित : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या पाच वर्षांखालील बालकांचे प्रमाण २००५-०६ मधील ४८ टक्क्यांवरून २०१९–२१ मध्ये ३५·५ टक्क्यांवर आले. यात स्वच्छता, स्त्रीशिक्षण व उत्पन्नवाढ यांचाही वाटा आहे. मात्र सहा ते तेवीस महिन्यांच्या ज्या बालकांना किमान पुरेसा आहार मिळत होता, त्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ९·६ टक्के व २०१९–२१ मध्ये ११·३ टक्के, म्हणजे नवांत जेमतेम एक, एवढेच होते. धान्य वा पाकीट घरात पोहोचणे आणि ते बालकाच्या मुखात वेळेवर पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसते. महाराष्ट्रातील आदिवासी भागांत २०१५ पासून गर्भवती व स्तन्यदा मातांना एक वेळचे ताजे जेवण देण्याची अमृत आहार योजना आणि छत्तीसगडमध्ये तान्ह्या मुलांसाठी गावाने चालविलेली ‘फुलवारी’ पाळणाघरे यांतून ही उणीव ओळखली गेली आहे. अन्नाइतकीच भरविणाऱ्या हातांची आणि त्यांना मिळणाऱ्या वेळेची तरतूद करणे, हे या योजनांचे राहिलेले कार्य होय.