चुका दाखवाव्यात, ही विनंती

फळ्यावर गणित सोडवताना माझ्या हातून चूक झाली, म्हणजे बहुधा मागच्या बाकावरचाच एखादा मुलगा ती दाखवतो. क्षणभर मनाला लागते. पण उत्तर बरोबर येते, आणि वर्गाचा त्यावर विश्वास बसतो तो मास्तरांच्या खुर्चीमुळे नव्हे, सर्वांनी ते तपासले म्हणून. मुले ज्या वेबवर परीक्षेचा निकाल पाहतात आणि आजोबा रेल्वेचे तिकीट काढतात, तिचे नियमही याच न्यायाने घडले आहेत, हे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल.

या रीतीचा उगम वेबच्याही वीस वर्षे आधीचा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने तेव्हा निरनिराळ्या ठिकाणचे संगणक एकमेकांना जोडले जात होते. त्यांनी परस्परांशी कोणत्या नियमांनी बोलावे, हे ठरवण्याचे काम काही विद्यार्थ्यांवर येऊन पडले. त्यांतला स्टीव्ह क्रॉकर हा लॉस एंजलिसच्या विद्यापीठातला चोवीस वर्षांचा तरुण. टिपणे लिहायची तर होती. पण ‘हा अधिकार तुम्हांला दिला कोणी?’ असे कोणी वडीलधारे विचारतील, ही धास्ती. रात्री इतरांची झोपमोड नको म्हणून न्हाणीघरात बसून त्याने लिहिले, आणि त्या टिपणांना नाव दिले ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे अभिप्रायासाठी विनंती. पहिल्या टिपणाची तारीख ७ एप्रिल १९६९. टिपण एका वाक्याचे असले तरी चालेल, असेही लवकरच ठरले. भीतीपोटी आलेल्या त्या विनयाने मोठे काम केले. ही टिपणे आज नऊ हजारांच्या पुढे गेली आहेत, आणि नाव अजून तेच आहे!

१९८६ पासून हे काम ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’ नावाच्या मंडळात चालते. वेबची पाने जिच्या आधारे इकडून तिकडे जातात ती एचटीटीपीची नियमावली इथेच तपासली जाते. या मंडळात सभासदांची यादी नाही आणि मतमोजणीही नाही. अध्यक्ष प्रश्न विचारतो आणि ज्यांना पटले ते तोंड मिटून गुणगुणतात! आवाजावरून सभेचा कल कळतो. मात्र हरकत एकट्याची असली तरी ती सयुक्तिक असेल, तर तिला उत्तर द्यावेच लागते.

प्रत्यक्ष वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती कोणालाही विनामूल्य वापरण्यास मोकळी केली. पुढच्याच वर्षी तिच्या नियमांसाठी ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम’ स्थापन झाला. इथला मसुदा उघडपणे प्रसिद्ध होतो. त्यावर कोणीही लिहावे, आणि समितीने त्या म्हणण्याची दखल घ्यावी, असा दंडक आहे. अंधांना ते पान वाचता येईल का, निरनिराळ्या लिप्या त्यात नीट बसतील का, कोणाची खाजगी माहिती उघडी पडेल का, हे सारे पाहिले जाते. शेवटची परीक्षा आपल्या गृहिणींना चटकन समजेल. चकलीची कृती नुसती वाचून दोन घरी चकल्या केल्या आणि दोन्हीकडे सारख्याच खुसखुशीत झाल्या, तर कृती नीट लिहिली म्हणायची. तसे निरनिराळ्या कारागिरांनी केवळ मसुदा वाचून केलेले काम जुळले पाहिजे.

या रीतीची कसोटी लागली २००१ साली. पेटंट घेतलेली युक्तीही नियमात घ्यावी आणि मालकाने तिच्यासाठी ‘वाजवी’ शुल्क घ्यावे, अशी सूचना एका मसुद्यात आली. वाजवी, पण कोणाच्या हिशेबाने? आपली प्रणाली फुकट वाटणाऱ्याने ते शुल्क कोठून द्यावे? हरकतींच्या पत्रांचा पाऊस पडला. कन्सॉर्टियमने आपला विचार बदलला, आणि २००४ साली धोरण ठरले ते विनाशुल्क वापराचे. त्या पत्रांनी वेबच्या वाटेवरचा जकातनाका टळला.

म्हणून हे रामराज्य आहे असे मात्र नव्हे. चित्रपटांना कुलूप लावण्याच्या नियमावर २०१७ साली मोठा वाद झाला. सभासदांच्या मतदानात ५८.४ टक्के बाजूने आणि ३०.८ टक्के विरुद्ध गेले. नियम संमत झाला आणि विरोधातली एक प्रमुख संस्था, इलेक्ट्रॉनिक फ्राँटिअर फाउंडेशन, बाहेर पडली. शिवाय वर्षभर बैठकांना माणसे पाठवणे बड्या कंपन्यांना जमते, एकट्यादुकट्याला जमत नाही. दार उघडे असले, तरी दारापर्यंतचा प्रवास सर्वांना सारखा नसतो.

तरीही दार उघडे आहे, याचे मोल आपण मराठी माणसांनी जाणावे. जगातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यूनिकोड या मानकातही नवे अक्षर येते ते कोणी लेखी प्रस्ताव मांडला आणि तो तपासात टिकला तरच. मराठीत लागणारा ‘ॲ’ त्यात स्वतंत्र अक्षर म्हणून दाखल झाला तो २००८ साली. तोवर ‘अ’ला चंद्र जोडून कसेबसे भागवावे लागे. तुमच्या मुलाने ‘ॲ’ टंकलेला दिसला, तर त्याला सांगा: बाळ, हे अक्षर इथे नव्हते, कोणीतरी हात वर करून तसे सांगितले, म्हणून ते आले.