सैरंध्रीच्या पापण्या

वहाणा बाहेर काढा आणि जपून पाय टाका, फरशीवर रंगवलेला पडदा वाळत पडलाय. साल 1919, कोल्हापूर, महाराष्ट्र फिल्म कंपनी. चुलीवर सरस उकळतोय, त्याच्या उग्र वासानं नाक चुरचुरतंय. सुताराचा रंधा थांबायचं नाव घेत नाही. वर ताणलेल्या पांढऱ्या कापडातून ऊन गाळून येतंय, तरी तुमची पाठ घामानं भिजलीच. "सरका की वो जरा!" मागून कोपर बसतं. सरका, त्याशिवाय कागद दिसायचा नाही.

ते दाढीवाले बाबूराव पेंटर. कॅमेरा फिरवण्याआधी प्रसंग कागदावर काढून घ्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. समजा, आज सैरंध्रीची पाळी आहे: विराटाच्या महालात दासी होऊन राहिलेली द्रौपदी, आणि समोर तिच्यावर वाईट नजर ठेवणारा कीचक.

डोळे खाली, म्हणजे लाजली? थांबा, पेन्सिल बघा. नजर खाली गेली की बुबुळ झाकतं आणि वरची पापणी मोठी, गोल होते. उजेड तिथंच रेंगाळतो. खालची कड गडद, केसांची बारीक सावली गालावर. एवढ्यावर काहीच कळत नाही. थकलेली, लाजलेली, पोथी वाचणारी, सगळ्यांच्या पापण्या अशाच दिसतात. आता पेन्सिल गळ्यावर उतरते. मान कलली असती, तर बाई शरण गेली असती. ही मान ताठ आहे. नाकपुडी किंचित फुगलीय, ओठ घट्ट मिटलेत. राग आहे तो, पापणीखाली दाबून धरलेला. मला तर हे कुठल्याही रोखलेल्या नजरेपेक्षा जास्त भेदक वाटतं.

तेवढ्यात बडबड थांबते. गुलाबबाई आणि अनसूयाबाई आत येतायत. नाटकात बायकांची कामं पुरुष करतात अशा या दिवसांत या दोघी सिनेमात उभ्या राहिल्या, म्हणून लोक त्यांना नावं ठेवतात. सगळे टक लावून बघतायत. तुम्हीही बघताय! त्यांची नजर खाली आहे असं समजा. पण कागदावरचं आत्ताच बघितलंत ना? मग चेहऱ्यावर थबकू नका, मान बघा.

आणि कधी स्वतः पेन्सिल हातात घेतलीत, तर खाली बघणाऱ्या बाईला लाजरी ठरवायची घाई करू नका. डोळ्यांआधी तिची मान काढा.