नांगराची खबर

नवी दिल्ली स्टेशनाच्या पहाडगंजकडच्या बाजूने बाहेर पडून मेन बझारात शिरले की आधी पाट्या दिसतात. हिंदी-इंग्रजी तर आहेतच, शिवाय परदेशी पाहुण्यांसाठी हिब्रू, कोरियन, रशियन. पाटीवरची भाषा मालकाची नसते, ती गिऱ्हाइकाची असते. नूतन मराठी शाळा याच पहाडगंजात आहे. तिच्या आसपासची थोडी घरे सोडली तर या बाजारात मराठीला गिऱ्हाईक नाही, म्हणून मराठी पाटीही नाही. इतका सरळ हिशेब.

गेल्या वर्षी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले काही मराठी लेख हिंदीत आणत असताना 'जाहिरात' या शब्दाशी मी अडखळले. हिंदीत त्याला 'विज्ञापन' म्हणायचे, उर्दूत 'इश्तिहार'. 'जाहीर' हा मूळ अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. पण ज्या दिल्लीत फारसीत दरबार चालला, तिथे 'जाहिरात' कुणी म्हणत नाही. तो शब्द या अर्थाने मराठीत रुजला, गुजरातीत आहे आणि कन्नडमध्येही 'जाहीरातु' म्हणून आहे. मराठी आणि कन्नड जिथे एकाच रस्त्यावर नांदतात त्या बेळगावची आठवण मला या शब्दाने करून दिली. योगायोग असा, की माझ्या हातातल्या लेखांचा उगमही तिथलाच होता.

बेळगाव हे इंग्रजांच्या छावणीचे गाव. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली त्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत हे ध्यानात आल्यावर यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. तिथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. भाऊ रामचंद्रपंत यांच्यासह चालवलेले 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे सायकलींचे दुकान १८८८ सालापासूनचे मानले जाते. सायकल तेव्हा साहेबांची आणि हौशी वकील-डॉक्टरांची वस्तू होती. ती विकायची तर आधी चालवायला शिकवावी लागे. लक्ष्मणराव स्वतः शिकवत. म्हणजे मालाच्या आधी मालाची सवय विकायची. पुढचे सगळे शहाणपण याच दुकानात सुरू झाले, असे मला वाटते.

दुकानाला जोडून छोटा कारखाना निघाला. कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग परदेशी नांगरांच्या धर्तीवर लोखंडी नांगर. आणि इथे गाडे अडले. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे या उद्योगाच्या इतिहासात सांगतात.

या समजुतीला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहावे. लाकडी नांगर गावचा सुतार करी, मोडला तर तोच दुरुस्त करी, आणि मोबदल्यात सुगीला बलुते घेई. त्या व्यवहारात जाहिरातीला जागाच नव्हती, कारण करणारा आणि वापरणारा एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत. लोखंडी नांगर मात्र अनोळखी माणसाने केलेला, रोख पैसे देऊन घ्यायचा. तो बिघडला तर कुणाचे दार ठोठवायचे? विषाची शंका मातीइतकीच या अनोळखीपणाबद्दलही असावी.

बरे, छापील जाहिरात कितीशी पोचणार? १९०१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम ५ टक्के होती. गावात वर्तमानपत्र आलेच तर एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे. त्याआधी गावाला खबर मिळे ती दवंडीने, दिल्लीकडे जिला मुनादी म्हणत. दवंडी हुकूम सांगते, तिला मन वळवावे लागत नाही. नांगर विकणाऱ्याला वेगळी भाषा हवी होती: मोठ्याने वाचली तर कानाला कळेल, शंकेला उत्तर देईल, आणि साहेबाच्या किंवा शास्त्रीबुवांच्या थाटात बोलणार नाही अशी.

नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी जागा घेतली, तेव्हा कारखान्याला बेळगाव सोडावे लागले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला. १९१० साली निवडुंग तोडून तिथे किर्लोस्करवाडी वसली. त्याच संस्थानात काही वर्षांनी ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघर गेला. इंग्रजी मुलखात जागेला मुकलेला धंदा संस्थानात स्थिरावला, आणि विक्री मात्र पुन्हा इंग्रजी मुलखातच करायची होती. ती रेल्वेने आणि टपालाने.

टपालातून जे गेले ते आपल्या विषयाशी संबंधित आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हेही चित्रकलेच्या वाटेने आलेले. त्यांनी १९२० च्या जानेवारीत 'किर्लोस्कर खबर' काढले. हेतू साधा होता: कारखान्याचा माल, त्याचा वापर, तिथल्या घडामोडी गिऱ्हाइकांना कळाव्यात. पण नुसत्या नांगराची खबर दर महिन्याला कोण वाचणार? म्हणून शेती आली, धंद्याच्या गोष्टी आल्या, आरोग्य आले, मग कथा आल्या. १९२९ साली नावातली 'खबर' गळून मासिक 'किर्लोस्कर' झाले. १९३० साली 'स्त्री' निघाले, १९३४ साली 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्येच छापून आले. लोखंडाने माती विटाळते का, या प्रश्नापासून निघालेली वाट स्पर्शाने माणूस विटाळतो का, या प्रश्नापर्यंत गेली.

या वाटेवर दुकानदारी मागे पडली आणि साहित्य पुढे आले, असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ते पटत नाही. वाचकाशी बरोबरीने बोलायचे, त्याची शंका त्याच्याच शब्दांत आधी मांडायची, मग एकेक करून सोडवायची, ही त्या लेखांची ढब नांगर विकणाऱ्याची आहे. तिचे दोषही त्याच घरचे आहेत. प्रत्येक अडचणीला उपाय असतोच, आणि तो बहुधा विकत मिळतो, असा भाबडा विश्वास त्या पानांतून डोकावतो. ज्याच्याकडे नांगराला पैसे नाहीत, किंवा नांगराने ज्या सुताराचे बलुते कमी केले, तो तिथे क्वचितच बोलतो.

भाषांतरासाठी मी एका ग्रंथालयातून जुने बांधीव खंड मिळवले, तेव्हा त्यांत लेख सगळे होते, जाहिराती नव्हत्या. बांधणी करताना ती पाने निरुपयोगी म्हणून काढून टाकलेली. बहुतेक ठिकाणी हेच झाले आहे. त्यामुळे लेख कुणासाठी लिहिला, त्याच्या शेजारी काय विकले जात होते, वाचणाऱ्याच्या खिशात किती आणे असतील असे गृहीत धरले होते, हे सांगणारा साक्षीदारच गेला. भाषांतर करणाऱ्याला हे तपशील शब्दकोशाहून जास्त लागतात. 'तुम्ही' कुणाला उद्देशून आहे हेच कळले नाही, तर हिंदीत 'आप' लिहायचे की 'तुम', हे कसे ठरवणार?

आज बेळगावात पाटी कोणत्या भाषेत असावी आणि कोणते अक्षर किती मोठे, यावर भांडण आहे. ज्या शब्दाने ती पाटी ओळखायची तो दोन्ही भाषांनी एकाच ठिकाणाहून उचललेला आहे, हे त्या भांडणात कुणाला आठवत नाही.

हिंदी संपादकांना मी एकच विनंती केली आहे: कुठे सुटे अंक सापडले, तर लेखाशेजारची जाहिरातही भाषांतरासह छापा. उत्तर अजून आलेले नाही. तोवर संध्याकाळी मेन बझारातून घरी येताना मी पाट्या वाचत चालते. हिब्रू मला येत नाही, पण त्या पाटीवर गिऱ्हाईक कोण अपेक्षित आहे, हे मात्र वाचता येते.