आधी वैरण, मग चंदी

मराठ्यांच्या इतिहासात घोडा सर्वत्र आहे, पण तो बहुतेक वेळा निरोगी आहे. बखरींत तो दौडतो, चित्रांत मागच्या पायांवर उभा राहतो, पुतळ्यांत पुढचा पाय उचलतो. पोटदुखीने लोळणारा, चारही पाय सुजून खुंटाला उभा राहिलेला, चंदीकडून तोंड फिरवणारा घोडा आपल्याला क्वचितच भेटतो. वास्तविक कोणत्याही पागेत मोतद्दाराची सकाळची पहिली नजर अशाच घोड्यावर पडत असणार.

गेली काही वर्षे मी जालना जिल्ह्यातल्या लष्करी इतिहासाच्या खुणा शोधत फिरतो आहे. इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही. वाचन, पायपीट आणि जाणत्या माणसांशी बोलणे एवढेच भांडवल. या फिरण्यात एक प्रश्न सतत समोर येत राहिला. इथल्या लढाया घोड्यांच्या पोटावर आणि पायांवर लढल्या गेल्या. त्या पोटाची आणि पायांची काळजी कशी घेतली जात होती, आणि ते शहाणपण पुढे गेले कुठे?

जालन्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. १६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजेने जालन्याची संपन्न पेठ लुटली. परतताना मोगलांनी गाठले, सिधोजी निंबाळकर कामी आले आणि बहिर्जी नाईकांनी दाखवलेल्या आडवाटेने फौज पट्टा किल्ल्याला पोचली. महाराजांनी तिथे विसावा घेतला, म्हणून किल्ल्याचे नाव विश्रामगड पडले, असे आपण वाचतो. विसावा घोड्यांनाही हवा होता, हे कोणी लिहीत नाही. पुढे २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असईची लढाई झाली. इंग्रजांची फौज त्या दिवशी वीसेक मैल चालून थेट रणात उतरली होती. वेलस्लीचा एक घोडा त्याच्याखाली ठार झाला आणि ‘डायोमेड’ नावाच्या दुसऱ्या, अरबी घोड्याला भाला लागला. लढाई जिंकूनही इंग्रजांना शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा नीट पाठलाग करता आला नाही, कारण घोडदळ थकून गेले होते. जय हाती होता, पण पुढचा टप्पा घोड्यांच्या दमाने ठरवला.

घोड्याच्या पोटाविषयी राज्यकर्त्याने किती बारकाईने विचार करावा, याचा सर्वांत मोठा मराठी दाखला म्हणजे चिपळूण भागातल्या हलवर्ण मुक्कामी असलेल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास पाठवलेले पत्र. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात न लावण्याबद्दल ते प्रसिद्ध आहे. पण त्याचा मुख्य विषय दाणा आणि गवत हा आहे. पावसाळ्याची बेगमी केली आहे. ती आत्ताच बेपर्वाईने उडवलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरू लागतील आणि त्यांना तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय आहे. गवताच्या गंजीजवळ आगटी आणि दिवे यांची काळजी घ्या, उंदीर पेटती वात ओढून नेतो, इथपर्यंत त्यात सूचना आहेत. गंज जळली की घोडदळ गेले, हा हिशेब त्यामागे आहे.

या पत्रात गवताला इतके महत्त्व का, याचे उत्तर घोड्याच्या शरीरात सापडते. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर अवघे आठ ते पंधरा लिटरचे असते. त्यात आम्ल चोवीस तास झिरपत राहते, पोटात काही असो वा नसो. आम्लाचा मारा सौम्य करणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. मोकळा घोडा दिवसाचे बारा-सोळा तास चरतो. त्यामुळे लाळ आणि गवताचा थर जठराला सांभाळतात. त्याच घोड्याला खुंटाला बांधून दोन वेळा तोबरा लावला की मधले सारे तास आम्ल रिकाम्या जठराशी खेळते. जठराच्या वरच्या भागाला संरक्षक अस्तर नसते, तिथे व्रण पडतात. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे दुखणे बाहेर दिसत नाही. तो चंदी अर्धवट सोडतो, दात खातो, तंग आवळताना कान मागे टाकतो, अंगावरचे तेज जाते. लांब दुर्बिणीने घोड्याचे जठर आतून पाहणे गेल्या चाळीसेक वर्षांतच सुरू झाले आणि हा आजार किती सर्रास आहे ते तेव्हा कळले.

पायांचेही तसेच. गुडघ्याखाली घोड्याला मांसल स्नायू नाहीत. खाली उतरलेले रक्त आणि लसिका वर चढते ती मुख्यतः चालण्यामुळे. खूर जमिनीवर दाबला जातो आणि सुटतो, तोच पंप. आगाडी-पिछाडीने दिवसरात्र जखडलेल्या घोड्याचे पाय सुजतात आणि थोडे फिरवले की उतरतात. एकच पाय गरम आणि दुखरा असेल तर मार किंवा जंतू. चारही पाय, पोटाखालची सूज, ताप येऊन-जाऊन आणि फिकट डोळे असतील तर ‘सर्रा’ची शंका घ्यावी. घोडमाशीने पसरणाऱ्या या रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश लष्करी पशुवैद्याने १८८० साली पंजाबात शोधला. रोग जंतूंमुळे होत असतील हे तेव्हा अनेकांना पटत नव्हते.

आपल्याकडे घोड्याच्या वैद्याला शालिहोत्री म्हणत, ज्याचे बोलीत सालोत्री झाले. शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आलेला हा शब्द फार्सीत गेला, इंग्रजी पलटणींच्या भाषेतही शिरला. नकुलाच्या नावावरचा अश्वशास्त्राचा एक सचित्र ग्रंथ तंजावरच्या मराठी राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ साली छापला. राजे घोड्याच्या शास्त्राची पोथी जपत होते. पण पागेत रोज राबणारा सालोत्री आणि मोतद्दार काय करत, हे पोथीत अर्धेच आहे. उरलेले त्यांच्या हातात होते, आणि हात लिहीत नसत.

एकोणिसाव्या शतकात जालन्याला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. तिच्या घोडदळात शिलेदारी पद्धत चाले: घोडा स्वाराचा, पगार सरकारचा. ‘शिलेदार’ हा आपला शब्द इंग्रजी लष्करी कागदांत कायमचा बसला. घोडा मेला तर भुर्दंड स्वाराच्या घरावर पडे, म्हणून गवत कापून आणणारा माणूस आणि त्याचे तट्टू हे पलटणीचे अंगच असे. १९०३ साली कंटिन्जंट मोडून तिच्या पलटणी हिंदी लष्करात मिसळल्या, आणि पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी पद्धतही संपली. दरम्यान १८८६ साली मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. नवे शास्त्र आले ते हवेच होते. सर्रावर मसाल्याचा गोळा चालत नाही. पण त्याबरोबर सालोत्री अडाणी ठरला आणि त्याची निरीक्षणेही त्याच्यासोबत गेली.

आज जालन्यात घोडे आहेत ते वरातीचे. जुन्या जालन्यात एका घरी तीन पिढ्या घोडी पाळल्या जातात. मालकाचे आजोबा टांगा हाकत. लग्नसराईत पांढरी घोडी रात्री दोन-दोनपर्यंत डीजेपुढे उभी असते, दिवसभर अरुंद जागेत बांधलेली. चंदीला हरभऱ्याचा भरडा, वर गूळ. कडबा महाग म्हणून बेताचा. पाय सुजले की औषधाच्या दुकानातून फेनिलब्युटाझोनसारखे वेदनाशामक आणून चालू करायचे. घोडी चालू लागते आणि वरात निघते. हेच औषध जास्त दिवस दिले तर जठरात आणि आतड्यात व्रण पाडते. आतड्यातून प्रथिने गळू लागली की रक्तातले पाणी धरून ठेवणारे बळ जाते आणि पाय पुन्हा सुजतात, आता पोटामुळे. मालक मग औषध वाढवतो. पायाच्या दुखण्यावरचा उपाय पोटाचे दुखणे होतो आणि पोटाचे दुखणे पायात उतरते.

मी त्या मालकाला विचारले, आजोबा काय करत? तो म्हणाला, “आजोबा आधी वैरण टाकायचे, मग चंदी. अन् भाडं नसलं तरी सांजच्याला जनावर फिरवून आणायचे. का ते कधी सांगितलं नाही.” आजच्या पशुवैद्याने याच दोन गोष्टी पहिल्यांदा सांगितल्या असत्या: पोट रिकामे ठेवू नका, जनावर उभे ठेवू नका. तिसरी त्याची स्वतःची: वेदनाशामक मनाने देऊ नका, व्रणासाठी ओमेप्राझोलसारखे औषध तपासणी करूनच द्या.

मला वाटते आपल्या इतिहासलेखनातली उणीव इथे नेमकी दिसते. हलवर्णच्या पत्राचे आपण पाठांतर केले, पण त्यातले गवत बाजूला ठेवले. मोहिमांच्या तारखांवर वाद घातले, पण तोबऱ्यात काय होते, किती वेळा होते, आधी काय आणि नंतर काय, हे सांगणाऱ्या माणसांकडे गेलो नाही. मारवेल आणि पवन्याची कुरणे नांगराखाली गेली. टांगे गेले. ज्यांच्या आजोबांनी टांग्याचे घोडे सांभाळले अशी माणसे जालन्यात, सारंगखेड्याच्या आणि माळेगावच्या घोडेबाजारात अजून भेटतात. त्यांच्याजवळ कारणे नसतील, पण क्रम आहे. तो लिहून घ्यायला पदवी लागत नाही. वही लागते, आणि आणखी दहा वर्षांनी तीही उपयोगाची राहणार नाही.