मच्छिंद्री ते लाल रेषा : कोल्हापूरने पुराचे माप कसे घेतले?

१/
‘मच्छिंद्री झाली का?’ आषाढ-श्रावणात जुन्या कोल्हापुरात हा प्रश्न हमखास कानी पडत असे. शिवाजी पुलाच्या दगडी खांबांवर माशासारखा दिसणारा एक भाग आहे. पंचगंगेचे पाणी त्याला टेकले की ‘मच्छिंद्री झाली’ असे म्हणत, आणि मग पेठापेठांतून लोक पूर पाहायला नदीकडे निघत. या शहराने पुराचे माप कोणकोणत्या खुणांनी घेतले, त्या मापावर विसंबून काय बिघडले आणि त्याविषयी नागरिक व प्रशासन यांच्यात कोणता वाद आहे, हे या धाग्यात पाहू.

२/
प्रथम भूगोल. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती, अशा पाच नद्यांची मिळून पंचगंगा होते. हा संगम शहराच्या उशाशी, प्रयाग चिखली येथे आहे. या नद्या सह्याद्रीच्या अतिवृष्टीच्या प्रदेशातून येतात. पुढे मात्र नदीचा उतार मंद आहे आणि पात्र वळणावळणाचे. शेवटी नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते. कृष्णा स्वतःच दुथडी भरलेली असेल, तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही आणि मागे फुगवटा येतो. म्हणूनच येथील पूर इंचाइंचाने चढतो व इंचाइंचानेच उतरतो.

३/
प्राचीन वसाहतकारांना हे ठाऊक असावे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. तेथे सातवाहनकालीन नगराचे अवशेष मिळाले. समुद्रदेवता पोसायडनची प्रसिद्ध कांस्यमूर्ती याच ब्रह्मपुरीची. रोमशी व्यापारी संबंध असलेली ही वस्ती नदीच्या अगदी जवळ होती, परंतु होती ती टेकाडावर. पाणी हाताशी असावे आणि घर उंचावर असावे, अशी ही निवड होती.

४/
शहराच्या पोटातही पाण्यासाठी जागा राखलेली होती. कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, रावणेश्वर, पद्माळा, सिद्धाळा अशी तळी जुन्या कोल्हापुरात होती. पावसाचे पाणी त्यांत थांबे आणि मुरे. काळाच्या ओघात ती बुजवली गेली. कपिलतीर्थावर मंडई आली, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले आणि रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. आजही जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानाचे तळे होते. लोक त्याला गटारांचा दोष म्हणतात आणि ते खोटे नाही. पण त्यामागे एका तळ्याचा इतिहासही आहे.

५/
जयंतीची कथाही अशीच. कळंब्याकडून येऊन शहर ओलांडून पंचगंगेला मिळणारा हा प्रवाह जुन्या परंपरेत नदी म्हणून ओळखला जाई. आज त्याला सर्वजण ‘जयंती नाला’ म्हणतात. नदीचा नाला झाला की काठाची भीती जाते आणि बांधकामे पुढे सरकतात. पंचगंगा चढली की तिचे पाणी याच नाल्याच्या मुखातून उलटे शिरते. मग नदीपासून दूर असलेला व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीची कुंभार गल्लीही पाण्यात जाते. घाट सोडून शहराच्या मध्यभागी पूर येतो तो असा.

६/
एक गोष्ट विसरता येणार नाही : या भागात पूर नेहमीच संकट मानला गेला नाही. नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी दत्तपादुकांवरून वाहून दक्षिण दरवाजाने बाहेर पडू लागले की ‘दक्षिणद्वार सोहळा’ होतो आणि भाविक त्या पाण्यात स्नान करतात. मळीच्या शेतांना पुराचा गाळ मिळे. नदी पात्राबाहेर येणार, हे लोकांनी गृहीत धरलेले होते. प्रश्न असे तो ती कोठवर येणार, एवढाच.

७/
‘कोठवर’ याचे उत्तर पेठांमध्ये खुणांनी दिले जाई. पाणी जामदार क्लबपाशी आले, पंचगंगा तालमीला लागले, गायकवाड वाड्यापर्यंत पोहोचले, अशी ही भाषा. सरकारी भाषा फुटांची. ती कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते : ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. गंमत अशी की हा बंधारा पूर मोजण्यासाठी बांधलेलाच नव्हता. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळ्यानंतर बरगे बसवून पाणी अडवायचे आणि पावसाळ्यापूर्वी ते काढायचे, हे त्याचे काम. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ या नावाने हे तंत्र महाराष्ट्रभर पोहोचले.

८/
यात कोल्हापूरच्या जलव्यवस्थेचा स्वभाव दिसतो. ती टंचाईच्या भीतीतून उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनंतर राजर्षी शाहू महाराजांनी पाटबंधाऱ्यांकडे लक्ष दिले आणि राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. सुमारे ८.३६ टीएमसी क्षमतेच्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ठरावीक पातळी आली की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. दुष्काळाशी झुंजणाऱ्या संस्थानासाठी हे दूरदृष्टीचे काम होते. परंतु पूर टाळायचा तर धरणात आधीच जागा रिकामी ठेवावी लागते आणि दुष्काळ टाळायचा तर ते भरून घ्यावे लागते. हा पेच आजही सुटलेला नाही.

९/
आता अलीकडचे महापूर. १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली व आंबेवाडी या गावांतील कुटुंबांना सोनतळी येथे उंचावर भूखंड देण्यात आले. कागदावर प्रश्न मिटला. पण शेत, गोठा, देऊळ आणि भावकी जुन्या गावातच राहिली. वाढत्या कुटुंबांना जागा अपुरी असल्याची तक्रारही होती. त्यामुळे अनेकांनी दोन्ही ठिकाणी पाय ठेवला : सोनतळीला भूखंड, गावात घर. पुनर्वसन म्हणजे केवळ जमिनीचा तुकडा नव्हे, हे या दोन गावांनी दाखवून दिले.

१०/
२००५ चा पूर शहराच्या स्मृतीत पक्का बसला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५० फुटांच्या आसपास गेले होते. भिंतींवर त्याचे डाग राहिले, दुकानदारांनी खुणा करून ठेवल्या. पुढे याच खुणा लोकांचे माप बनल्या. ‘२००५ ला आमच्या उंबऱ्याला लागले नव्हते’ हे वाक्य आश्वासनासारखे वापरले जाऊ लागले. त्या खुणेच्या वर माल रचला की तो सुरक्षित, असा हिशेब बसला. मागच्या पुराची नोंद हीच पुढच्या पुराची मर्यादा मानली गेली.

११/
ऑगस्ट २०१९ मध्ये हा हिशेब मोडला. पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २००५ चा दाखला देऊन घरात थांबलेली कित्येक कुटुंबे वरच्या मजल्यावर अडकली. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन जवळपास आठवडाभर बंद राहिला. उपसा केंद्रे बुडाल्याने भोवती महापूर असताना शहराचे नळ कोरडे पडले. गणेशोत्सव तीन-चार आठवड्यांवर आला असताना कुंभार गल्लीत मूर्ती भिजून विरघळल्या. वर्षभराची कमाई त्या मूर्तींत होती.

१२/
मदत आधी पोहोचली ती शेजाऱ्यांची. तालमी आणि मंडळांची पोरे पाण्यात उतरली. खेड्यांत गुऱ्हाळाच्या काहिलीसुद्धा नावेसारख्या वापरल्या गेल्या. त्यानंतर एनडीआरएफ, लष्कर आणि नौदलाची पथके आली. त्याच दिवसांत मोफत धान्याच्या शासकीय आदेशातील एक अट लोकांना बोचली : क्षेत्र दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात बुडालेले असावे. चूल विझायला दोन दिवस लागत नाहीत, हा त्यावरचा साधा आक्षेप होता. पंचनामा करणाऱ्याचे माप आणि पूरग्रस्ताचे माप किती वेगळे असते, ते या अटीतून कळते.

१३/
पूर का आला, यावर मते विभागली. कृष्णाकाठच्या अनेकांचे बोट कर्नाटकातील अलमट्टी धरणाकडे होते. राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल मे २०२० मध्ये सादर झाला. अतिवृष्टी आणि पात्रालगतची अतिक्रमणे ही कारणे समितीने पुढे मांडली; २०१९ च्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष अनेक नागरिकांना मान्य झाला नाही. धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकचा मनसुबा असल्याने हा वाद आजही पेटतो.

१४/
दुसरे मत घराजवळचे आहे. महामार्ग व रस्ते नदीच्या पूरक्षेत्रातून मातीच्या भरावावर नेले, तो भराव बांधासारखा पाणी अडवतो, असे शेतकरी आणि रहिवासी सांगतात. त्यांची मागणी आहे ती भराव काढून कमानीचे पूल बांधण्याची. तिसरे मत बांधकामांविषयी. पूरक्षेत्रात भर टाकून इमारती उठल्या आणि तेथून हटलेले पाणी जुन्या पेठांत शिरले, अशी ही तक्रार. यातील प्रत्येक मतात तथ्याचा अंश आहे; मात्र एकालाच सारा दोष दिला की बाकीचे सुटतात.

१५/
येथे येतात निळी आणि लाल रेषा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने दाखवतात, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषेने. निळ्या रेषेच्या आत बांधकामास बंदी, दोन्हींच्या मध्ये अटी. २०१९ नंतर रेषा नव्याने आखण्याचा प्रश्न आला, तेव्हा वादही उठले. ज्याचा भूखंड रेषेत जातो, त्याला ती अन्याय वाटते. ज्याच्या घरात पाणी शिरते, त्याला ती आणखी बाहेर हवी असते. हे दोघे कधी कधी एकाच गल्लीत राहतात, आणि क्वचित एकाच घरात.

१६/
आणि दाद मागायची कोणाकडे? धरण व पूररेषा जलसंपदा विभागाकडे, महामार्ग प्राधिकरणाकडे, पंचनामे महसूल खात्याकडे, स्थलांतराचे आदेश जिल्हा प्रशासनाकडे. नालेसफाई, गटारे आणि बांधकाम परवाने महापालिकेकडे. पाणी एक, दारे पाच. नागरिकाला जवळचे दार महापालिकेचे, म्हणून राग तेथे निघतो. १८५४ मध्ये नगरपालिका आणि १९७२ मध्ये महापालिका झालेल्या या संस्थेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. जुलै २०२१ चा महापूर आला, तेव्हा तेथे प्रशासक होते. प्रभागात पाणी शिरले, पण विचारायला नगरसेवक नव्हता.

१७/
२०२१ मध्ये पाणी ५६ फुटांच्या आसपास गेले, म्हणजे २०१९ च्याही वर. महामार्ग पुन्हा बंद पडला. तरीही एक फरक होता. चिखली-आंबेवाडीतील अनेकजण जनावरांसह वेळेत सोनतळीला गेले. शहरातही लोक लवकर बाहेर पडले. प्रशासनाची तयारी वाढली होती, हे खरे. पण २००५ च्या खुणेवरचा विश्वास उडाला होता, हेही तितकेच खरे. पाणी थांबले नाही, लोक मात्र आधी हलले.

१८/
पुराची प्रत्येक खूण ही एका पावसाची नोंद असते. मच्छिंद्रीने, बंधाऱ्यावरच्या फुटांनी आणि भिंतीवरच्या डागांनी लोकांना सावध केले. पण त्यांतल्या एका खुणेला शेवटची रेषा मानले, तेव्हा घात झाला. लाल रेषेलाही हाच नियम लागू आहे. नव्या पुरानंतर ती पुन्हा तपासावी लागेल, आणि ती आखताना कुंभार गल्लीतला, सुतारवाड्यातला, चिखलीतला माणूस नकाशापाशी बसलेला हवा. पाणी कोणत्या बोळातून शिरते, हे त्याला ठाऊक आहे.

१९/
जाता जाता एक विनंती. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : १९८९ ला, २००५ ला, २०१९ ला पाणी कोठवर आले होते? कोणत्या दिशेने आले? किती दिवस राहिले? उत्तर तारखेसह लिहून ठेवा, भिंतीवरची खूण रंगाखाली जाण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्या. उद्या रेषेवर हरकत नोंदवायची वेळ आली, तर हीच आपली कागदपत्रे. शहराच्या इतिहासाचे हे साधन अजून कोणत्याही दप्तरखान्यात नाही, ते आपल्या घरात आहे.

धागा समाप्त.