हिसका गिळणारे चाक

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्या काळच्या गिरण्यांत वाफेच्या एका मोठ्या इंजिनाची शक्ती लांब दंड, दोर आणि पट्टे यांच्या मदतीने अनेक यंत्रांपर्यंत पोहोचवली जाई. पट्टा हे तसे उधळे साधन. तो ताणतो, घसरतो, थोडी शक्ती वाया घालवतो. पण एखादे यंत्र अचानक अडकले तर पट्टा कप्पीवरून घसरे आणि यंत्राचे दाते वाचत. पट्ट्याच्या दोषातच एक गुण दडलेला होता. तो किती मोलाचा होता, हे मोटारसायकलच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

सुरुवातीच्या बहुतेक मोटारसायकलींचे मागचे चाक पट्ट्यानेच फिरे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने मोठ्या संख्येने वापरलेल्या ट्रायम्फ ‘मॉडेल एच’ या १९१५ च्या गाडीतही मागच्या चाकाला पट्टाच होता. पाऊस आणि चिखल लागला की पट्टा घसरायचा. म्हणून हळूहळू त्याची जागा साखळीने घेतली. साखळी घसरत नाही. आणि नवी अडचण नेमकी तिथेच सुरू झाली.

एका सिलिंडरच्या चार-ठोकी इंजिनाचा विचार करा. दंडाच्या दोन फेऱ्यांत इंधनाचा स्फोट एकदाच होतो. मिनिटाला ४००० फेऱ्या असतील तर स्फोट २००० होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३. दोन फेऱ्यांपैकी साधारण अर्धी फेरीच इंजिन जोर लावते. उरलेली दीड फेरी जड गतिपालक चक्राच्या जडत्वावर पार पडते. म्हणजे जोर सलग येत नाही, हिसक्यांनी येतो. पट्टा हे हिसके परस्पर पचवत असे. साखळी मात्र प्रत्येक हिसका चाकापर्यंत नेते. उलट, उसळलेले चाक परत रस्त्यावर आदळते तेव्हा बसणारा धक्का ती गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवते. साखळी, दाते आणि बेअरिंग लवकर झिजतात. धावत्या गाडीची साखळी तुटून चाकात अडकली तर स्वाराच्या जिवावर बेतू शकते.

यावर काही कारखान्यांनी इंजिनाच्या दंडावर स्प्रिंग बसवली. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फिल्ड कंपनीने पहिल्या महायुद्धापूर्वीच दुसरा मार्ग काढला. मागच्या चाकाचा हब पोकळ ठेवून त्यात रबराचे ठोकळे बसवले. साखळीचे दातेरी चाक हबला थेट न जोडता त्याची पाती या ठोकळ्यांच्या मध्ये अडकवली. हिसका आला की आधी रबर दबते, मग चाक फिरते. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची रीत सापडली नसती, तर हे शक्य झाले नसते. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक पडते.

यामागचे तत्त्व नववीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे घेतो. संवेगातील बदल तेवढाच राहतो, पण त्याला लागणारा वेळ वाढतो आणि बल कमी होते. रबर आणखी एक काम करते. स्प्रिंग घेतलेली ऊर्जा बहुतांशी परत करते. रबर तिचा काही भाग उष्णतेत बदलून टाकते. त्यामुळे धक्क्याचे हेलकावे लवकर शमतात.

१९५५ साली मद्रासला ‘एन्फिल्ड इंडिया’ स्थापन झाली आणि बुलेटबरोबर हा हब आपल्या रस्त्यांवर रुळला. आज बहुतेक मोटारसायकलींत तो असतो. रबर झिजले किंवा वयाने कडक झाले की गाडी हिसके देऊ लागते आणि आपण ते बदलून घेतो.

मग केवळ मातीवर पळवण्यासाठी बनवलेल्या कित्येक हलक्या गाड्यांत हे रबर का नसते? विदर्भातली पांदण आठवा. मऊ मातीत चाक थोडे घसरते आणि हिसका मातीतच जिरतो. जुन्या पट्ट्याचे काम इथे माती करते! रबर गाळले की वजनही वाचते. पण तीच गाडी नागपूरच्या सिमेंट रस्त्यावर आणली की टायर घट्ट पकड घेतो, माती मदतीला नसते आणि सारा भार गिअरबॉक्सवर येतो. म्हणून माती आणि डांबर अशा दोन्ही ठिकाणी चालवायच्या गाडीला रबराचा हब हवा. पुण्याजवळच्या चाकण येथे बनलेल्या केटीएम ‘३९० अ‍ॅडव्हेंचर’ या २०२० च्या गाडीत तो आहे. याच कंपनीच्या मातीवरच्या शर्यतीच्या गाड्यांत हब कडक असतो. अशा गाडीला हौशी लोक नंतर रबराचा हब बसवून घेतात. त्या वेळी आरे नव्याने ओवावे लागतात, पुढचे-मागचे दातेरी चाक एका रेषेत आहे का ते पाहावे लागते आणि चाकाचे वाढलेले वजन मान्य करावे लागते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. शिवणाच्या दोऱ्याला लहान वजन बांधून ते हातभर उंचीवरून सोडा. दोरा तुटेल इतपत वजन वाढवत न्या. आता त्याच वजनाच्या वर, दोऱ्यात एक रबरबँड जोडून तेच करा. दोरा बहुधा तुटणार नाही. वजन खाली पडेल तिथे पाय येणार नाहीत, एवढी काळजी घ्या.

नंतर विद्यार्थ्यांना विचारा: दोरा तर तोच होता, मग बदलले काय? उत्तर मिळाले की आणखी एक प्रश्न टाका. एखाद्या साधनाचा दोष काढून टाकताना, तो दोष मुकाट्याने कोणते काम करत होता, हे आपण आधी पाहतो का? पट्टा काढणाऱ्यांना ते साखळी लावल्यावर कळले, आणि ते काम रबराकडे सोपवावे लागले.