रिकामा घोडा कशावर पडतो?

रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढत सराव केला तर हत्यार बिघडतं का, असं विचारणाऱ्या नव्या नेमबाजाला दोन ठाम उत्तरं मिळतात. एक म्हणतो, घोडा कधीच रिकामा पाडू नये. दुसरा म्हणतो, खुशाल पाडा. माझ्या मते दोन्ही उत्तरं आपापल्या हत्यारापुरती खरी आहेत. पहिल्या उत्तराचं मूळ शोधायचं तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या ठासणीच्या बंदुकीकडे पाहावं. काडतुसांचा जमाना येऊनही ही बंदूक कोकणातल्या शेतकऱ्याच्या घरात राहिली, कारण भातात उतरणारी रानडुकरं होती, बागेत शिरणारी माकडं होती आणि कायद्यानेही तिला जागा ठेवली होती. १९५९ च्या शस्त्र कायद्यातलं तेरावं कलम पीक संरक्षणाच्या परवान्यासाठी ठासणीच्या बंदुकीचंच नाव घेतं.

या बंदुकीत दारू आणि छरे नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासतात. मागे एक बारीक पोकळ बोंडी असते, तिच्यावर स्फोटक टोपी बसवतात. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी बोंडीतून आत उतरते. टोपी नसताना घोडा पाडला तर पोलादावर पोलाद आदळतं. असं वारंवार झालं की बोंडीचं तोंड चेपून पसरतं, मग टोपी नीट बसत नाही आणि ऐन वेळी बार फुसका जातो. हा दोष टोपीबरोबरच आला. त्याआधीच्या तोड्याच्या बंदुकीत पेटती वात नुसती दारूच्या कानावर टेकायची, तिथे आपटण्यासारखं काही नव्हतंच. नंतरच्या गारेच्या बंदुकीत झिजायची ती गार, म्हणून कवायत करताना ब्रिटिश पलटणी गारेऐवजी लाकडाचा तुकडा लावत. स्कॉटलंडच्या फोर्सिथने १८०७ मध्ये स्फोटक द्रव्याने बार उडवण्याचं पेटंट घेतलं, पुढे त्यातून टोपी आली आणि बोंडी जपणं भाग पडलं. १८५७ च्या काडतुसांमुळे आपल्याकडे कुप्रसिद्ध झालेल्या एनफिल्ड बंदुकीसोबत म्हणूनच बोंडीवर चढवायची एक गादीदार टोपी साखळीने अडकवलेली असे. शिपायाने रिकामा चाप ओढत नेम पक्का करावा, पण बोंडी वाचावी, एवढाच तिचा हेतू. सरावाचं मोल आणि हत्याराची नाजूक जागा, दोन्ही त्या काळी नेमकी ओळखली होती. आजच्या खोट्या काडतुसाला ‘स्नॅप कॅप’ म्हणतात, ते नाव तिथलंच.

आता कोणी म्हणेल, ठासणीच्या बंदुकीचा नियम आजच्या पिस्तुलाला कशाला? बहुतेक आधुनिक सेंटरफायर पिस्तुलांबाबत हा आक्षेप मला मान्य आहे. त्यांची फायरिंग पिन काडतुसाच्या मध्यावर जाते. काडतूस नसेल तर ती मोकळ्या जागेत पुढे येऊन थांबते, कशावर आदळत नाही. पण पॉइंट टू टू रिमफायरमध्ये पिन काडतुसाच्या कडेवर मारते, आणि काडतूस नसताना काही बनावटींत ती थेट चेंबरच्या काठावर बसते. तिथे खाच पडली की काडतूस अडकू लागतं. म्हणजे कोकणातल्या बोंडीचाच दोष नव्या जागी परतला. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, तो याच काडतुसाचा. त्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्रातल्या रेंजवर रोजचा आहे. अनेक स्पर्धात्मक पिस्तुलांत आणि एअर पिस्तुलांत रिकाम्या सरावाची सोय मुळातच दिलेली असते. ती नसेल तर निर्मात्याची पुस्तिका काय सांगते ते पाहावं, ऐकीव सल्ल्यावर विसंबू नये.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: पिनेचं काय घेऊन बसलात, माणसाचं पाहा. रिकामं समजलेलं हत्यार भरलेलं निघणं हाच या सरावातला मोठा धोका, हे निर्विवाद. पण म्हणून सराव सोडावा, हे मला पटत नाही. चाप दाबताना नेम किती हलतो हे आवाज आणि धक्का नसतानाच स्पष्ट दिसतं. खात्री करण्याची रीत मात्र हत्यारागणिक वेगळी. ठासणीची बंदूक मागून उघडत नाही, म्हणून आधी बोंडीवर टोपी नाही हे पाहून, नळीच्या तोंडावरून बाजूला राहून गज आत सोडतात. तो पूर्ण उतरला नाही, तर आत बार आहे. पिस्तुलात आधी मॅगझिन काढायचं आणि मगच स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासायचं. हा क्रम उलटला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं काडतूस चेंबरमध्ये ढकलते आणि तपासणारा माणूस पिस्तूल स्वतःच भरून बसतो.